कोरी काच

दसरा संपला की अकोला-अकोट रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गच्च भरून जिनिंगकडे जातात, वर बांधलेली जाळी कुठेतरी फाटलेली असते आणि वाकलेल्या फांद्या त्या ओझ्यातून आपापला वाटा ओरबाडून घेतात. काट्याकाट्याला पांढरा पुंजका. बाहेरगावचा माणूस एसटीच्या खिडकीतून पाहतो आणि विचारतो, हे कसलं झाड? आपल्याला ते दिसतही नाही. मी या रस्त्याने कितीतरी वर्षं जाते-येते, पण बाभळीकडे मान वळवून पाहायला लागले ती त्या एका हंगामानंतरच.

मी यादी करणारी बाई आहे. प्रयोगशाळा सांभाळण्यात माझी नोकरी गेली, आधी अमरावतीला आणि आता अकोल्याला. यादीशिवाय प्रयोगशाळा चालत नाही आणि घरही चालत नाही, असं माझं मत आहे. दसऱ्यानंतरची माझी यादी ठरलेली असते: खिडक्यांच्या फटींना पट्टी लावणे, सूक्ष्मदर्शकावर प्लास्टिकचं झाकण, पंखे बंद, टेबलं कोरड्या फडक्याने न पुसता ओल्या फडक्याने पुसणे. नवी पोरं हसतात. "मॅडम, कापसाचा हंगाम बाहेर आहे, आत नाही," असं एकजण म्हणाला. मी त्याच्या हातात ओलं फडकं दिलं.

अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेला त्या वर्षी जळक्या संत्र्याचा वास होता. आजही संत्र्याचं साल चुलीत पडलं की मला तिथली भिंत, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग आणि त्या डागाखाली स्टुलावर बसलेली तस्नीम दिसते. तस्नीम अकोटची. तिच्या वडिलांचा गादी कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे पिंजणयंत्र आणि माडीवर घर. एम.एस्सी.ला पहिली आली, शिष्यवृत्ती मिळाली आणि इंगोले सरांकडे संशोधनाला लागली. संत्र्याचा रस गाळायचा, पोलादाच्या बंद भांड्यात घालून भट्टीत तापवायचा. बाहेर निघायचं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. दिवसा पाहिलं तर मोरीत ओतून द्यावं असं. पण खोली अंधारी करून त्यावर अतिनील दिवा धरला की ते पाणी निळं उजळायचं. आकाशासारखं नाही, गॅसच्या ज्योतीच्या बुडाशी असतं तसं निळं.

त्या पाण्यात कण होते. डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक. ते पेशीत शिरतात आणि आत उजळतात, मग पेशीच्या आत काय चाललंय ते पाहता येतं. तस्नीम स्वतःच्या गालाच्या आतून काडीने पेशी खरवडून घ्यायची आणि त्यांत ते कण सोडायची. "ताई, माह्याच गालात दिवे लावून राहिली मी," म्हणायची. नवरात्रात तिने माझ्याकडे पेशी मागितल्या. मी म्हटलं, माझा उपास आहे. तर म्हणते, "मंग तं बरं झालं. उपासाचा गाल साफ राह्यते."

अडचण एकच होती. दिवा लवकर विझायचा. सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश पडला की कण उजळायचे आणि त्याच प्रकाशाने फिके होत जायचे. ज्या उजेडामुळे दिसायचं, त्याच उजेडाने संपायचं. चहा होईपर्यंत पेशी पुन्हा काळोखात. पेशीतलं कुठलंही काम सावकाश चालतं. ते पाहायला दिवा दिवसभर टिकायला हवा. तस्नीमला तो टिकवायचा होता. रस बदलून पाहिला, भट्टीची आच बदलली, पाण्यात हे घातलं, ते घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. दिवाळीनंतर समिती येणार होती. दिवा टिकला असं दाखवता आलं तर मुदत वाढणार होती आणि पुढे मोठ्या शहरातल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकावर काम करायला मिळणार होतं. नाही तर अकोटला परत. वडिलांना दम लागत होता आणि पिंजणयंत्रापाशी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं.

ही गोष्ट तिने मला कधी बसून सांगितली नाही. तिच्या फोनवरून कळायची. "हाव अब्बा... दवा घेतली का? ... नाई, अजून नाई टिकून राहिलं." रोजचं शेवटचं वाक्य तेच. त्या माणसाला काय टिकायचं आहे हे नीट माहीत होतं की नाही कोण जाणे, पण तो रोज विचारायचा.

बाहेरचं वर्ष वाईट होतं. तशी ती सगळीच वर्षं वाईट होती. आमच्या विभागात फी भरायच्या दिवशी पोरं गैरहजर राहायची आणि आम्ही हजेरीपुस्तक उघडत नसू. त्या वर्षी बोंडात गुलाबी अळी पडली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत काळं. सरांचं वावर तिवश्याजवळ. वावर भाऊ पाहायचा आणि आई त्याच्याजवळ राहायची. सर वर्गात शुद्ध बोलत, फोनवर भावाशी बोलताना एकदम वऱ्हाडीवर येत. त्या दिवसांत त्यांचं फोनवरचं बोलणं आखूड होत गेलं. "उपटून टाकतं? ... बरं. माय काय म्हनते?" एवढंच.

खंडेनवमीला आमच्या विभागात उपकरणांची पूजा व्हायची. तराजू, भट्ट्या, सूक्ष्मदर्शक, सगळ्यांना झेंडूची फुलं. त्या वर्षी सरांची आई आली. हिरवं लुगडं, पायात स्लिपर आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात दहीभात होता आणि त्यावर पानात गुंडाळलेली कापसाची वस्त्रमाळ. आमच्याकडे पहिली वेचणी करायच्या आधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिला कापूस देवासाठी बाजूला काढायचा आणि मग वेचणीला हात लावायचा. त्या कापसाची तिने स्वतः सरकी काढली होती, बोटाने तो पिंजला होता, ओल्या चिमटीने एकेक मणी दाबून माळ केली होती. मधल्या मण्यांना हळदीकुंकवाचं बोट.

"यंदा चांगला कापूस एवढाच निघाला बापा," ती म्हणाली. "बाकी अळीनं खाल्लं. देवाले घातली असती, पन म्हटलं देव तं पाह्यतच नाई. हे तुह्यं यंत्र तरी पाह्यते."

सर हसले. त्यांचा चेहरा मात्र हसला नाही. त्यांनी माळ घेतली आणि सूक्ष्मदर्शकाच्या मानेला स्वतःच्या हाताने घातली.

तस्नीमने खोलीचे पडदे ओढले आणि म्हातारीला ते निळं पाणी दाखवलं. ती बाटलीजवळ तोंड नेऊन पाहत राहिली. "माय वो! हे तं काजव्यावानी हाय. कशाचं वो पोरी?"

"संत्र्याचं, आजी."

"आमच्या संत्र्यात असं नाई दिसत कधी."

"जाळल्यावर दिसते."

"मंग बरोबर हाय," म्हातारी म्हणाली आणि पडदा सरकवून उजेड केला. जाताना तस्नीमच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "इझू नको देऊ."

सगळे गेल्यावर तस्नीमने स्पिरिट लावून सूक्ष्मदर्शकावरचं हळदीकुंकवाचं बोट पुसलं. माळेचे हळदीचे मणीही हलकेच काढून माझ्याकडे दिले. हळद अतिनील दिव्याखाली उजळते, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पांढरी माळ मात्र तिथेच राहिली. ती काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही. ज्या वावरातून त्या वर्षी दुसरं काही आलंच नाही, तिथली ती माळ. निर्माल्य दुसऱ्या दिवशी उचलायचं हा माझ्या यादीतला नियम, पण झेंडू उचलला आणि माळेला हात लावला नाही. सर सकाळी आले की आधी तिच्याकडे पाहत.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. हळद सगळ्यांना आठवली, कापूस कुणालाच आठवला नाही. आमच्या घरांत वाती कापसाच्या, गाद्या कापसाच्या, लुगडी कापसाची. कानात दडा बसला की कापूस, नाकातून रक्त आलं की कापूस. रस्त्यात कापूस, जेवताना ताटात कापसाचं तूस. जी गोष्ट हवेसारखी सगळीकडे असते, तिची कुणी नोंद घेत नाही. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती. तिथे सूक्ष्मदर्शकाच्या गळ्यात कुणी कापूस घातलाच नसता. आमच्याकडे घातला आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दिवा टिकला.

काचेवर पेशी ठेवायच्या, प्रकाश सोडायचा आणि जोडलेला कॅमेरा उजेडाचा आकडा सांगत जायचा. रोज तो आकडा उतरायचा. त्या दिवशी थोडा उतरला आणि थांबला. चहा झाला, जेवण झालं, आकडा होता तिथेच. तस्नीमने दुसरी काच लावली. तीही थांबली. तिने खुर्ची मागे सरकवली, ओढणीने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "ताई, तुमी पाहा बरं. माह्यावर भरोसा नाई राह्यला मले." मी पाहिलं. पडद्यावर निळे ठिपके होते. थोडे धूसर, पण होते.

सरांनी पेढे आणले. तिवश्याला फोन लावला आणि मोठ्याने म्हणाले, "माय, तुह्यी माळ पावली." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण सर फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. तस्नीमने अकोटला फोन केला. "अब्बा, टिकलं." एवढंच बोलली आणि मग नुसती ऐकत राहिली. तिकडे माणूस रडत असावा.

त्या दिवाळीला मी चकल्या केल्या आणि तस्नीमसाठी डबा बाजूला काढला. यादीत तिचं नाव घरच्यांत धरलं होतं. सुखाची आठवण सांगताना माझ्याकडे याहून जास्त काही नाही. एक डबा आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी.

सुट्टी संपून ती परत आली ती बदललेली. डबा घेतला, थँक्यू म्हणाली आणि पर्स न उतरवता उभी राहिली. विभागात आम्ही दोघीच होतो. बाहेर मोकळं ऊन होतं.

"ताई, एक कोरी काच देता का?"

कोरी काच म्हणजे जिच्यावर कण घातलेले नाहीत अशी काच. दिव्याखाली तीही किंचित उजळतेच. तेवढा उजेड मोजून एकूण आकड्यातून वजा करायचा असतो. ती आम्ही नवरात्राच्या आधी मोजली होती आणि तोच आकडा वजा करत होतो. सगळेच तसं करत.

"आता कशाला?" मी विचारलं.

"दुकानात बसली होती. रजायांचे दिवस, गर्दी. शटरच्या फटीतून ऊन आलं, आन् त्याच्यात तूस उडून राह्यलं होतं. मी पाह्यत होती. ते खाली बसतच नाई, ताई. हवेतच राह्यते." मग सूक्ष्मदर्शकाकडे बोट न दाखवता, नुसती नजर नेऊन म्हणाली, "माळ हाय ना तिथं."

मी काच दिली. तिने ती धुतली, वाळवली, तिच्यावर नुसतं पाणी ठेवलं. ना पेशी, ना कण. माळेखालच्या जागेवर सरकवली आणि प्रकाश सोडला.

कोरी काच उजळली. तसाच निळसर उजेड, तसेच धूसर ठिपके. आकडा आला आणि तिथेच थांबला.

तिने भिंगाचा बारीक स्क्रू सावकाश फिरवला. ठिपके लांब झाले, त्यांना कडा आल्या, पीळ दिसला. पिळलेल्या फितीसारखा कापसाचा तंतू असतो, तो आठवीतल्या पोरालाही ओळखता येतो. फक्त त्या उंचीवर जाऊन पाहायला हवं. आमची नजर इतके दिवस खाली, पेशींवर होती, आणि वरच्या कापसाचा न विझणारा उजेड आम्ही कणांच्या खात्यावर मांडत होतो.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "माळ काढू. यंत्र पुसू. पुन्हा मोजू." आम्ही तेच केलं. माळ मी स्टँडवर अडकवली, सगळं स्पिरिटने पुसलं, तस्नीमने नवी काच लावली. पेशी, कण, प्रकाश. आकडा उतरू लागला. चहा होईपर्यंत पेशी काळोखात गेली, पूर्वीसारखीच.

"तेच हाय," ती म्हणाली. "काहीच नव्हतं टिकलं."

दोघींना एकच गोष्ट माहीत होती. समितीतलं कुणी येऊन कोरी काच मागणार नव्हतं. आकडे तयार होते, चित्रं तयार होती. गप्प बसलं की झालं. तेवढ्यात सर आले. तस्नीम उठून उभी राहिली आणि मला वाटलं होतं ती आधी रडेल, पण ती सरळ म्हणाली, "सर, कोरी काच उजळून राह्यली. कापूस हाय तो."

सर बसले. भिंगाला डोळा लावला. स्क्रू वर फिरवला, खाली फिरवला, पुन्हा वर. बराच वेळ त्यांचा एक डोळा भिंगाला होता आणि दुसरा घट्ट मिटलेला. मग डोळा न काढताच म्हणाले, "आमच्या वावरातला हाय."

"समितीले मी सांगतो सर," तस्नीम म्हणाली. तिकडच्या बायका बोलताना असं 'सांगतो' म्हणतात, ती क्वचितच म्हणायची. घाबरली की म्हणायची.

"तू कशाले सांगतं? माळ मी घातली." ते उठले. स्टँडवरची माळ काढली, खिशातला रुमाल टेबलावर पसरला, त्यात ती नीट ठेवली आणि चारी टोकं जुळवली. दारापर्यंत जाऊन वळले. "मायले काही सांगू नका. तिले वाटते तिची माळ पावली. वाटू द्या."

समितीपुढे सर स्वतः उभे राहिले आणि निकाल मागे घेतला असं म्हणाले. कारण विचारल्यावर त्यांनी 'बाहेरचे तंतू' असा शब्द वापरला. समितीतल्या एका गृहस्थांनी चहाच्या वेळी तस्नीमला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा प्रामाणिकपणा फार आवडला." मुदतवाढ मिळाली नाही. प्रगती समाधानकारक नाही असा शेरा होता. मी तो कागद फायलीत लावला, कारण ते माझं काम होतं.

उरलेल्या आठवड्यांत तिने जे केलं ते मी रोज पाहिलं. सकाळी यायची आणि कणांभोवती काचेचं कवच चढवायची. काच म्हणजे खिडकीची नव्हे. पाण्यातच एक रसायन थेंबाथेंबाने सोडायचं, सावकाश ढवळायचं, आणि कणाकणावर काचेचा पातळ थर बसतो. आत दिवा, बाहेर काच, कंदिलासारखं. थर जाड झाला तर कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, पातळ राहिला तर उपयोग नाही. कितीदा तरी बिघडलं. एकदा जमलं. निदान बाटली उजळली आणि तळाशी काही बसलं नाही. प्रखर प्रकाशाखाली ते किती टिकतं हे पाहायचं राहिलं, कारण त्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला आणि नवा यायच्या आत तिचे दिवस संपले. तिने बाटलीला चिठ्ठी लावली, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, एवढी फेकू नका."

सायकलस्टँडपर्यंत मी तिच्यासोबत गेले. तिथल्या बाभळीला कापूस होता. तिने तो काट्यातून सोडवला, बोटांनी पिंजला आणि फुंकून सोडून दिला. आम्ही दोघी तो उडताना पाहत राहिलो. मी म्हटलं, अकोटला येईन. ती म्हणाली, रजई घ्याले या.

गेले नाही. रस्ता तर नेहमीचाच होता माझा पुढे, अकोल्याला बदली झाल्यावर; अकोटच्या पलीकडे माझं गाव. दुकानावरून एसटी जायची. पाटी बदलली होती. वडिलांच्या नावाच्या जागी तिचं नाव आलं तेव्हा मला कळायचं ते कळलं. आज उतरू, उद्या उतरू. माणसं वाईट बातमीच्या दारात उतरत नाहीत, पुढच्या थांब्यावर उतरतात.

यंदा पावसाळ्यात सर गेले. अमरावतीच्या विभागातून फोन आला, जुना फ्रीज भंगारात द्यायचाय, तुमच्या काळातलं काही असेल तर येऊन पाहा. मागच्या कोपऱ्यात बाटली होती. चिठ्ठीवरची शाई पसरली होती, पण अक्षर तिचं. खोलीचे पडदे ओढले आणि दिवा धरला.

उजळली.

मी तिथल्या स्टुलावर बसले. भिंतीवरचा डाग तसाच होता.

मग मी यादी केली. बाटली, बर्फाचा डबा, बॅटरीवरचा अतिनील दिवा, दोघींना डोळ्यांवर लावायला चष्मे, काळं कापड, संत्री. आणि एका दुपारी अकोटला उतरले.

दुकानात रजायांच्या चळती होत्या. गल्ल्यावर तस्नीम होती, नाकातोंडाला ओढणी बांधलेली, पापण्यांवर आणि भुवयांवर पांढरं तूस. मला पाहून तिने ओढणी खाली केली. "आता आल्या तुमी? रजई महाग झाली ना!"

चहा आला. सरांचं तिला कळलं होतं. वडिलांचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं. ज्या वर्षी ती परतली त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात. "शेवटपर्यंत लोकांले सांगत होते, पोरीचं टिकलं म्हनून," ती म्हणाली. "मी नाई सांगितलं त्यांले." सर आणि ती, दोघांनी एकच गोष्ट केली होती आणि एकमेकांना ते माहीत नव्हतं.

मी बाटली काढली. तिने ओळखली. हातात घेतली नाही. मी काळं कापड उलगडायला लागले तर म्हणाली, "ते राहू द्या, इथं कशाची कमी हाय," आणि चळतीवरची एक जाड रजई ओढून आमच्या दोघींच्या डोक्यावरून घेतली. दोन प्रौढ बाया, भर दुपारी, दुकानात रजईखाली. बाहेरून कुणीतरी विचारलं, "बाजी, काय चालू हाय?" आतून ती ओरडली, "सायन्स!"

मी दिवा लावला.

सगळंच उजळलं. रजईचे धागे निळे, तिची ओढणी निळी, माझ्या बाहीवरचं तूस, तिच्या केसांतलं तूस, नखं. हसत होती म्हणून दातसुद्धा. बाटली त्या सगळ्या उजेडात कुठे होती ते मला क्षणभर सापडेना.

"आन् कोरी?" तिने विचारलं.

"काय?"

"कोरी बाटली. हिच्यासंगं ठेवाले. आनली का?"

नव्हती आणली. इतकी यादी केली आणि कोरी बाटली नव्हती. ती रजईतून बाहेर जाऊन एक रिकामी औषधाची बाटली घेऊन आली, माठातलं पाणी भरलं, ओढणीने बाहेरून पुसली. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. कोरी बाटली आतून काळी होती. तस्नीमची निळी होती, आतपर्यंत, तळापर्यंत.

मला वाटलं ती आता काही बोलेल. मी त्या क्षणासाठीच आले होते.

"फ्रीजात होती ना हे?" ती म्हणाली. "अंधारात तं सगळंच टिकते, ताई. उजेडात किती टिकते, ते पाह्यलं पाह्यजे."

म्हणून आम्ही दिवा चालूच ठेवला. दोन्ही बाटल्या आणि दिवा रजईखाली, आणि आम्ही बाहेर. गिऱ्हाईक आलं. लेकीच्या लग्नासाठी गादी हवी होती, कापूस जुना की नवा यावरून बोलणं झालं. "नवाच हाय वो माय, हात घालून पाहा," तस्नीम म्हणत होती. मधेच वाकून रजईत डोकं घालायची आणि बाहेर येऊन पुन्हा भावाचं बोलायची. मी संत्री सोलली. पिंजणयंत्र चालू झालं, बंद झालं. प्रत्येक वेळी ती बाहेर आली की मी तिच्याकडे पाहायची आणि ती मान हलवायची. आहे. अजून आहे. ऊन शटरच्या पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं. अजून आहे. तिच्या चेहऱ्यावर स्टुलावर बसलेली ती मुलगी हळूहळू येत होती. मला ते पाहवत नव्हतं, पण नजरही काढता येत नव्हती.

मग ती आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

"बाटली गेली?" मी रजईबाहेरून विचारलं.

"नाई." मग आतूनच म्हणाली, "दिवा गेला."

बॅटरीचे सेल संपले होते. आसपासच्या दुकानांत त्या मापाचे सेल नव्हते. ती रजईतून बाहेर आली, केस सारखे केले आणि रजईची घडी घालायला लागली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, जशी सरांनी रुमालाची घातली होती. "याले निकाल नाई म्हनता येत," ती म्हणाली. "मोठा दिवा पाह्यजे, मोजाले यंत्र पाह्यजे. आता तं बाकीच्यांनी कुठल्याकुठं नेलं असन ते."

"ठेवून घे तुझ्याजवळ," मी म्हटलं.

"इथं?" तिने दुकानाकडे पाहिलं. हवेत, उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत, तूस तरंगत होतं. "इथं नको, ताई."

एसटी स्टँडवर तिने माझ्या खांद्यावरचं, केसांतलं तूस एकेक करून वेचलं. गाडी लागेपर्यंत वेचतच होती. गाडी निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या बाभळी सुरू झाल्या.

बाटली आता अकोल्याच्या फ्रीजमध्ये आहे. सेल आणले. काल पडदे ओढून पाहिली. उजळते. झाकणाच्या वळशांत अकोटच्या दुकानातलं तूस अडकलंय, तेही उजळतं, तिच्यापेक्षा जास्तच. बाटली स्पिरिटने पुसणे, असं मी आल्या दिवशीच यादीत लिहिलं होतं. बाकीची सगळी कामं झाली. ते तेवढं राहिलंय.